बाबांच्या उशाची भिंत

बाहेरचं प्लास्टर काढायचं की ठेवायचं, यावर आमच्याकडे इतका काथ्याकूट झाला की चहाचा कप हातात घेतला तरी भाऊ आधी भिंतीकडे बघायचा आणि मग माझ्याकडे.

"ताई, दगडी घर आहे आपलं. दगड दिसायला नको?"

"नको. तुला वाटतो तसला घडीव दगड नसतो तो. आत ओबडधोबड धोंडे असतील आणि मधे माती. उघडं टाकलंस तर चार पावसांत माती वाहून जाईल, मग बस दगड मोजत."

"तू पाहिलायस आतला दगड?"

नव्हता पाहिला. आम्ही कुणीच नव्हता पाहिला. बाबांनी घर घेतलं तेव्हाच ते वरपासून खालपर्यंत सिमेंटनं मढवलेलं होतं. गल्लीतल्या शेवटच्या वळणावरचं, दोन मजली, राखाडी. सगळे त्याला दगडी घर म्हणायचे म्हणून आम्हीही म्हणायचो.

जुन्या इमारती तपासणं हा माझा धंदा. कुठं तडा गेलाय, कुठं ओल शिरलीय, काय पाडायचं आणि काय वाचवायचं ते मी सांगते, आणि सांगितलेलं लोकांनी ऐकलं नाही की माझं डोकं फिरतं. भाऊ मला भिंतींची डॉक्टरीण म्हणतो. स्वतःच्या घरच्या भिंतीकडे मात्र मी वर्षानुवर्षं काणाडोळा केला होता, आणि बाबा आजारी पडले नसते तर पुढेही केला असता.

बाबांची डावी बाजू गेली होती. तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं. जिना चढणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांचा पलंग खालच्या कोपऱ्यातल्या खोलीत हलवला, उशाकडची बाजू पश्चिमेच्या भिंतीला लावून. बाबा अंगानं दणकट. त्यांना उठवून बसवायचं तर एका बगलेत भाऊ आणि दुसऱ्या बगलेत मी, तरी आमचा दम निघायचा. पण खरं दुखणं वेगळंच होतं. त्या भिंतीला ओल होती. पोपडे सुटलेले, कोपऱ्यात काळे डाग, खोलीभर कुबट वास. बाबांना खोकला लागला तो लागलाच.

"भिंत वाळवा, नाहीतर यांना दुसरीकडे न्या," डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. "पुढची थंडी यांना या खोलीत काढवणार नाही."

दुसरीकडे न्यायचा प्रयत्न करून झाला होता. भावानं गाडी दाराशी आणली, तर बाबांनी पलंगाचा दांडा जो धरला तो सोडेनात. उजवा हात त्यांचा अजून भक्कम होता. म्हणजे राहता राहिली भिंत. जुन्या मातीच्या भिंतीत पाणी असतंच, ते बाहेर निघायला वाट लागते. बाहेरून सिमेंट थापलं की वाट बंद, मग ते आत येतं. सिमेंट काढून चुन्याचा गिलावा केला तर भिंत वाळेल, हे मला माहीत होतं. शेवटी ठरलं: दगड दाखवायचा नाही, पण सिमेंटही ठेवायचं नाही. दोघंही सारखेच नाराज झालो, त्यामुळे वाद मिटला.

प्लास्टर काढण्याआधी ते वाजवून बघायचं असतं. लहान हातोडीनं टकटक करत जायचं. प्लास्टर धरून असेल तर खणखणीत वाजतं, मागून सुटलेलं असेल तर बद्द आवाज येतो. त्या पोकळ भागाभोवती खडूनं रेघ मारायची, म्हणजे काम कुठून सुरू करायचं ते कळतं. मी दुपारी बाबांच्या खोलीच्या बाहेरून सुरुवात केली. दोनचार ठोके दिले असतील नसतील, आतून बाबांचा जड आवाज आला.

"या."

मी थांबले. पुन्हा ठोकलं.

"या, या."

खिडकीतून भावजय डोकावली. तोंडाला पदर लावून हसत होती. "ताई, त्यांना वाटतंय कुणी दार वाजवतंय."

मलाही हसू फुटलं. बाबांचा पाहुणचाराचा सोस जुनाच. मीटर बघायला आलेल्या माणसालाही बसवून घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत. मी ठोकत गेले आणि आतून ते बोलावत गेले. भाऊ बाहेर आला आणि म्हणाला, "जा की ताई आत, इतकं बोलावतायत तर."

भिंत बहुतेक ठिकाणी चांगली वाजत होती. फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एक जागा पोकळ लागली. जमिनीपासून माझ्या छातीपर्यंत, आणि रुंदीला दोन हात पसरले तर त्याहून थोडी कमी. तिथला आवाज मला आवडला नाही. सुटलेलं प्लास्टर पातळ वाजतं. हे खोल वाजत होतं, भिंत तिथे मागे लांबवर मोकळी असल्यासारखं.

"बसलेल्या माणसाएवढी जागा आहे," भाऊ म्हणाला.

"तू गप्प बस," मी म्हटलं आणि खडूनं रेघ मारली.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी आला. हा माणूस एका कानाला फोन लावून दुसऱ्या कानानं माझं ऐकतो, आणि ऐकलेलं सोडून देतो. त्यानं छिन्नी लावली, हातोडा मारला आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"मॅडम, हे तर घट्ट आहे."

"नीट वाजवा."

"वाजवतोय की. तुम्हीच बघा."

मी वाजवलं. खणखणीत. खडूची रेघ जिथल्या तिथे होती, आतलं प्लास्टर भरीव. मी डावीकडे सरकत गेले. बाबांच्या खोलीच्या दिशेनं, रेघेपासून चांगलं पाच-सहा फूट पुढे, तोच खोल आवाज लागला.

"मॅडम, भिंत नाही, तुमचा कान पोकळ झालाय," मिस्त्री म्हणाला आणि स्वतःच हसला.

मी त्याला झापलं. पण माझ्या डोक्यात ते बसलं. चुकले असेन का? इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी नवी रेघ मारली, या खेपेला भावाला बोलावून त्याच्याकडूनही वाजवून घेतलं. संध्याकाळी आम्ही दोघांनी परत पाहिलं. नव्या रेघेच्या आत आवाज भरीव होता. पोकळ जागा आणखी डावीकडे गेली होती.

"उन्हानं प्लास्टर फुगतं, गार झालं की बसतं," मी म्हटलं. "होतं असं."

"होतं?" भावानं विचारलं.

मला माहीत होतं, असं होत नाही. प्लास्टर एकदा सुटलं की सुटलं, ते परत जाऊन दगडाला चिकटत नाही.

पुढच्या दिवसांत मी येता-जाता हातोडी हातात घ्यायला लागले. भिंतीवर खडूच्या रेघांची रांग लागली, एकीला लागून दुसरी, आणि सगळ्या एकाच दिशेनं. प्रत्येक ठोक्याला बाबा आतून "या" म्हणायचे. आता कुणी हसत नव्हतं. एकदा दुपारी ती जागा बरोबर त्यांच्या उशामागे सापडली. मी ठोकलं आणि आतून काहीच आलं नाही. मग भावजय बाहेर आली. चेहरा उतरला होता तिचा.

"ताई, आज ते 'या' नाही म्हणाले."

"मग?"

"हळूच 'आलात का' म्हणाले. आणि पाय सरकवला. बसायला जागा करतो ना आपण, तसा."

"कुठला पाय?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "डावा."

डावा पाय हलला ही खरं तर आनंदाची बातमी होती. तिलाही ते कळत होतं आणि मलाही, पण दोघींपैकी कुणाच्या तोंडून तसं निघालं नाही.

मी भावाला हाक मारली आणि आम्ही पलंग ओढून उत्तरेच्या भिंतीला लावला. तीही बाहेरचीच भिंत, पण मधे घराचा कोपरा. कोपऱ्याला सुटलेलं प्लास्टर तुटतं, वळत नाही. मी भावाला हे दोनदा समजावून सांगितलं. तो मान हलवत होता.

सकाळी ती जागा कोपरा वळून उत्तरेच्या भिंतीवर आली होती. पुन्हा बरोबर बाबांच्या उशामागे.

बाबांचा खोकला वाढला होता. खोकताना ओठ निळे पडायचे. भाऊ अंगणात पायरीवर बसून राहिला. "काढू नको ताई," तो अचानक म्हणाला. "राहू दे हे प्लास्टर. आत काय असेल ते असू दे."

"आणि बाबांच्या छातीचं काय? थंडी तोंडावर आलीय. आत काही नाहीये, दगडमाती आहे."

"तुझा विश्वास आहे का यावर?"

माझा विश्वास होता की नव्हता, देव जाणे. पण मला रागच आला होता. भिंत मला वेड्यात काढत होती, माझ्या बापाच्या उशाशी, आणि मी हातात हातोडी घेऊन बघत बसले होते. पोकळ भाग पसरू नये म्हणून आमच्या कामात एक पद्धत आहे. कटरनं त्याच्या चारी बाजूंनी थेट दगडापर्यंत खाच मारायची. खाचेपलीकडे ते जाऊ शकत नाही. मी ठरवलं, आधी खाच मारायची, मग दोन्ही भिंतींवरचं बाकीचं प्लास्टर उतरवायचं आणि हा तुकडा सगळ्यात शेवटी काढायचा.

मिस्त्रीनं कटर चालवला. धूळ उडाली, कानठळ्या बसल्या. चारी बाजूंनी खाच पुरी झाल्यावर मी आत वाजवलं. बद्द. बाहेर वाजवलं. खणखणीत. अडकली, मी मनात म्हटलं, आणि मला बरं वाटलं.

बाकीचं प्लास्टर दिवसभर उतरत राहिलं. शेवटी दगड दिसला. मी म्हणाले होते तसाच होता, ओबडधोबड, काळपट, मधे लाल माती. भावानं जवळ जाऊन दगडावरून हात फिरवला. "एवढंच?" तो म्हणाला. त्या दिवसात आम्ही एकदाच हसलो ते तेव्हा.

आता उघड्या भिंतीवर तो एकच तुकडा उरला होता. भावजयीचं म्हणणं पडलं की शेवटचे घाव घालताना बाबांना स्वयंपाकघरात न्यावं. भाऊ त्यांना उचलायला आत गेला आणि हात हलवत बाहेर आला.

"येत नाहीत. 'नको' म्हणतात. 'ते बसलेत' म्हणतात."

"कोण बसलेत?"

"विचारलं. नुसतं बघतात."

तेव्हा मी थांबायला हवं होतं. पण थोड्या वेळाचं काम उरलं होतं, मिस्त्री घड्याळ बघत होता, आणि मला ते संपवून टाकायचं होतं.

"मारा," मी म्हटलं.

पहिला घाव. खोल, बद्द आवाज. आतून काही नाही.

दुसरा. तसाच.

तिसऱ्या घावाला आवाज बदलला. मिस्त्रीनं हात खाली घेतला. या वेळी तो हसला नाही.

"मॅडम, वाजायचं थांबलं."

मी पुढे होऊन ठोकलं. इथे, तिथे, वर, खाली. सगळीकडे भरीव. कान लावला. मग खाचेकडे बघितलं. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, चारी बाजू मीच बंद करून घेतल्या होत्या.

पाचवी बाजू, आत खोलीकडची, माझ्या लक्षात आली आणि मी धावत आत गेले.

बाबा शांत पडले होते. डोळे मिटलेले, छाती संथ वरखाली होत होती. श्वासात घरघर नव्हती. भावजय पलंगाशी उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "खोकला थांबला ताई," ती हळूच म्हणाली. "एकदम थांबला."

बाहेर तो तुकडा निघाला. मागे घट्ट दगड. भावानं मला मिठीच मारली. माझाही जीव भांड्यात पडला, खोटं का बोलू.

संध्याकाळी बाबांना बसवायची वेळ झाली. भावाचे हात धुळीनं भरले होते, तो धुवायला गेला. तेवढ्यात उशी नीट करावी म्हणून मी बाबांच्या पाठीखाली एक हात घातला आणि जरा उचललं.

ते उचलले गेले. अख्खे.

भरलेली समजून रिकामी घागर उचलली की हात जसा वर जातो, तसा माझा हात वर गेला. बाबा माझ्या एका हातावर होते. मला ना सोडवेना, ना धरवेना.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून हसले. तोंडाच्या दोन्ही बाजूंनी.

"पुरे झालं निजणं," ते म्हणाले. शब्द अगदी स्वच्छ.

त्यानंतर घरात जे झालं ते आनंदाचं होतं. भाऊ लहान पोरासारखा रडला. डॉक्टर आले, छाती तपासली, नवल करत गेले. बाबा चालायला लागले. जेवायला लागले. भावजयीची विचारपूस करायला लागले. मी एकटीच त्यांच्या जवळ जाईना. भावाला एकदा म्हटलं, "त्यांचं वजन बघितलंस का?" तर तो चिडला. "आजारी माणूस वाळतोच. ताई, ते बरे झालेत हे तुला बघवत नाही का?"

मला माझे बाबा हवे होते, आणि बाबा तर समोर बसले होते.

बाबा एकाच गोष्टीचा घोर घेऊन बसले. भिंत. "उघडी ठेवू नका," ते येता-जाता म्हणायचे. "लवकर बंद करा." आयुष्यात कधी त्यांनी भिंतीचा विचार केला नव्हता. आता रोज विचारत होते, मिस्त्री कधी येणार.

मिस्त्री चुना कालवून सकाळीच कामाला लागला. पश्चिमेची भिंत भराभर झाली. बाबा अंगणात खुर्ची टाकून बघत बसले होते, शेजारी भाऊ. मग उत्तरेच्या भिंतीवर खालून गिलावा चढत गेला आणि पलंगाच्या उंचीला आला.

मिस्त्रीनं थापी मारली. गिलावा खाली पडला.

"इथं धरत नाही, मॅडम."

त्यानं पुन्हा मारला. मी जवळच उभी होते. न धरलेला गिलावा वरून सुटतो आणि घसरत खाली येतो. हा घसरला नाही. आधी मधोमध फुगला, मग पडला.

मी उघड्या दगडाला तळवा लावला. त्या भिंतीवर ऊन येत नाही. दगड कोमट होता.

"ताई, काय झालं?" भावानं विचारलं.

बाबा खुर्चीत पुढे वाकून माझ्याकडे बघत होते.

'बाबा' अशी हाक माझ्या तोंडाशी आली होती. पण मारायची कुणाला, खुर्चीला की भिंतीला? आणि कुठल्या तोंडानं, तिघांसमोर?

"मॅडम," मिस्त्री म्हणाला, "सांगा लवकर, माल सुकतोय. काय करू?"

हा प्रश्न मला आयुष्यभर लोकांनी विचारलाय. त्याचं उत्तर माझ्या जिभेवरच असतं. ते बाहेर पडलं तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला.

"दगड कोरडा आहे. भिजवून घ्या. मग दाबून मारा."

मिस्त्रीनं बादलीभर पाणी मारलं. थापी भरून गिलावा टाकला आणि दोन्ही हातांनी फळी दाबून धरली.

या वेळी धरला.